लस पुण्याची, ताप डोंबिवलीचा

दहावीच्या सुट्टीत, डोंबिवलीतच, मला हिवताप झाला. रिपोर्टवर ‘व्हायव्हॅक्स’ होतं. ताप चार दिवसांत उतरला, तरी डॉक्टरांनी प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्यायला लावल्या. हा परजीवी यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो.

ऑक्टोबर २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आर२१ या हिवतापावरच्या लशीची शिफारस केली. ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झालेली ही लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. मी बातमी घरच्या ग्रुपवर टाकली. आईनं लगेच विचारलं, “आपल्याला कधी मिळणार?”

शोधलं तेव्हा कळलं, ती आपल्यासाठी नाहीच. ती फॅल्सिपेरम या दुसऱ्या परजीवीवर चालते. आफ्रिकेत त्यानं सर्वाधिक बळी जातात ते पाच वर्षांखालच्या मुलांचे, म्हणून लस आधी तिकडे. व्हायव्हॅक्सच्या अंगावरचं प्रथिन वेगळं असल्यानं तो या लशीला जुमानत नाही.

करोनाची लस वर्षभरात आली, मग इथं एवढा उशीर का? आर२१च्या आधीची आरटीएस,एस ही लस १९८७पासून घडत होती. तिची व्यापक शिफारस झाली २०२१मध्ये. हिवतापाच्या परजीवीत पाच हजारांहून अधिक जनुकं असतात आणि यकृतात, रक्तात, डासात तो वेगवेगळी रूपं घेतो.

प्रसार रोखणारी लस आणखी वेगळी. टोचून घेतलेल्याच्या रक्तातली प्रतिपिंडं डासाच्या पोटात जातात आणि परजीवीची वाढ तिथंच थांबवतात. म्हणजे दंड माझा दुखणार, ताप टळणार शेजाऱ्याचा! आयसीएमआरच्या ‘ॲडफॅल्सिव्हॅक्स’मध्ये हाही प्रयत्न आहे, पण तीसुद्धा फॅल्सिपेरमवरचीच.

शेजाऱ्यासाठी झळ सोसायचा प्रश्न मुंबईत शंभर वर्षांपूर्वीही आला होता. शहरातला हिवताप मुख्यतः विहिरींत वाढणाऱ्या ॲनाफिलिस स्टीफेन्सी डासामुळे पसरतो, असं चार्ल्स बेंटली यांनी १९११च्या अहवालात दाखवलं. विहिरी बुजवायचं ठरताच धार्मिक कारणांवरून विरोध झाला. विहीर आमची, ताप गावाचा.

तोच डास आज गच्चीवरच्या टाकीत अंडी घालतो. आमच्या टाकीचं झाकण दोन पावसाळे तुटलेलं होतं आणि सोसायटीच्या सभेत खर्चावरून विषय पुढे ढकलला जात होता. गेल्या महिन्यात मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ते बदललं. शेजारच्या इमारतीची टाकी आमच्या गच्चीवरून दिसते. तिच्यावर अजून पत्रा आणि वर एक वीट आहे. रविवारी त्यांच्या सेक्रेटरींना भेटायचं ठरलंय.