रंगीत की कृष्णधवल? अजिंठा, भुसावळ, चाळीसगाव

आजचा विषय तसा साधा वाटेल. फोटो रंगीत काढावा की ब्लॅक अँड व्हाइट? आज हा मोबाइलवरच्या एका बटणाचा प्रश्न आहे. पण थोडं मागे गेलं, की काय टिकलं आणि काय कायमचं गेलं याचा हिशेब याच प्रश्नात सापडतो. आणि त्यासाठी फार लांब जायला नको. खानदेशात बसून तो मांडता येतो.

पहिला माणूस मेजर रॉबर्ट गिल. १८७९ साली तो वारला, त्याची कबर भुसावळला आहे. मद्रास लष्करातल्या या अधिकाऱ्याला कंपनी सरकारने १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. लेणी तेव्हा निजामाच्या मुलखात होती, खानदेशच्या अगदी सीमेला लागून. आजही रेल्वेने येणारा माणूस जळगावला नाहीतर भुसावळलाच उतरतो. गिल म्हटलं की लोक पारोची गोष्ट सांगतात. ती आज बाजूला ठेवू. आपल्याला बघायची आहेत त्याच्या हातातली दोन साधनं, ब्रश आणि कॅमेरा.

भित्तिचित्रांसाठी त्याने तैलरंग वापरले. लेण्यांचे खांब, चैत्य, कोरीव काम यासाठी कॅमेरा. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या फोटोंची पुस्तकं लंडनला निघाली. आता कुणी विचारेल, हातात कॅमेरा असताना चित्रं रंगवत कशाला बसायचं?

याचं कारण रसायनात आहे. त्या काळी ओल्या कोलोडियनच्या काचा वापरत. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती किती लवकर सुकत असेल, तुम्हीच विचार करा. पण खरी अडचण वेगळी होती. या काचेला निळा प्रकाश चांगला दिसायचा, लाल जवळजवळ दिसायचाच नाही. आणि अजिंठ्याची चित्रं कशाची? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना आणि लाजवर्दी निळा. म्हणजे अशा काचेवर गेरूची लाली काळी पडणार आणि निळा पांढरट होणार. कृष्णधवल फोटो म्हणजे रंग वजा केलेलं सत्य, असं आपण धरून चालतो. तसं ते नव्हतं. कुठला रंग उजळ आणि कुठला गडद, हे ती काच ठरवत होती. सगळे रंग बऱ्यापैकी टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात यायला विसावं शतक उजाडलं.

म्हणून रंगासाठी ब्रश. पण पुढे काय झालं? डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि गिलची बहुतेक चित्रं जळाली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५ काम चाललं. त्यातल्याही बऱ्याच नकला १८८५ मध्ये लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. दोनदा तेच! गिलचे फोटो मात्र आजही बघायला मिळतात. कृष्णधवल होते म्हणून नव्हे, तर छापील पुस्तकांतून त्यांच्या अनेक प्रती झाल्या होत्या म्हणून. रंगीत नकल एकच असायची, आणि एकच प्रत म्हणजे एकच आग पुरे.

पुढे हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत अजिंठा छापून काढला. त्या ग्रंथाच्या नावातच म्हटलंय की या छायाचित्रणावर आधारलेल्या रंगीत आणि एकरंगी प्रतिकृती आहेत. हे 'आणि' महत्त्वाचं आहे. रेषा आणि छटा वाचायला एकरंगी, रंग समजायला रंगीत. दोन्ही लागतात.

आता चाळीसगाव. केकी मूस, जन्म १९१२, निधन १९८९. इंग्लंडला शिकून आलेला हा पारशी कलावंत पुढे पन्नासेक वर्षं रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यातून क्वचितच बाहेर पडला. आज तिथे त्यांचं संग्रहालय आहे. त्यांचं नाव झालं ते टेबलटॉप फोटोग्राफीने, म्हणजे टेबलावर छोट्या वस्तू मांडून अख्खा देखावा उभा करायचा. या प्रकारात कृष्णधवल हे गरिबाघरचं दुसरं ताट नव्हे, तो कलेचा पायाच आहे. टेबलावर मीठ पसरलं, बाजूने प्रकाश टाकला, की कृष्णधवलमध्ये बर्फ पडतो. रंगीत फिल्मवर लाकडाचा, कागदाचा, रंगवलेल्या खेळण्याचा रंग लगेच चुगली करतो. गिलला रंग हवा होता आणि कॅमेरा तो देत नव्हता. मूस ज्या कलेत रमले, तिला रंग नसणंच सोयीचं होतं.

शेवटी आपल्या घराकडे येऊ. जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही घरातले जुने आल्बम काढा. आजी-आजोबांचा लग्नाचा कृष्णधवल फोटो बहुधा अजून स्वच्छ दिसेल आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातला बारशाचा रंगीत फोटो तांबूस झालेला असेल. कृष्णधवल प्रिंटमध्ये चांदीचे कण असतात. नीट धुतलेली असली तर ती फार टिकते. रंगीत प्रिंटमध्ये सेंद्रिय रंगद्रव्यं असतात, ती अंधारातसुद्धा हळूहळू उडतात. उष्णतेने हे आणखी वेगाने होतं, आणि आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर आल्बम ठेवणं म्हणजे तो भट्टीत ठेवणं.

तेव्हा सगळ्यात आधी रंगीत फोटो स्कॅन करा, कृष्णधवल थोडे थांबू शकतात. प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवा, एक पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडे द्या. आणि मूळ फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. उडालेला रंग संगणकावर थोडाफार परत आणता येतो. पण फोटोतली ती कोपऱ्यातली बाई कोण, हे सांगणारं माणूस एकदा गेलं, की ते कुठल्याच यंत्राला सांगता येत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.