बांधावरची कचेरी

आमच्या कसबा बावड्यात छत्रपती राजाराम साखर कारखाना आहे, त्यामुळे चिटबॉय म्हणजे कोण हे इथं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. उसाची लागण कधी झाली, गट नंबर कोणता, क्षेत्र किती, जात कोणती, हे शिवारात टिपायचं आणि नंतर ऑफिसच्या रजिस्टरात उतरायचं. कुठल्याही कारखान्याकडे तोडीचा क्रम या नोंदीवरच ठरतो. तारीख चुकली की पाळी मागे आणि ऊस रानात वाळतो. आता काम बांधावरचं, पण संगणक मात्र टेबलावरचा. हे अंतर मोडू पाहणाऱ्या एका यंत्राची मला आज आठवण करून द्यायची आहे.

त्याचं नाव सिम्प्युटर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय, सोबत एन्कोर कंपनीचे विनय देशपांडे, यांनी साधा, स्वस्त, बहुभाषी संगणक करायचं मनावर घेतलं. 2001 मध्ये नमुना लोकांपुढे आला. तळहातावर मावणारा, किबोर्ड नाही, काडीनं पडद्यावर लिहायचं. आत लिनक्स, कारण त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि आतली रचना खुली असल्यानं आपल्या लिप्या बसवता येतात. मला त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते ती स्मार्ट कार्डाची. यंत्र गावात एकच, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं. कार्ड सरकवलं की आपली माहिती आपल्यापुढं. गरिबीचा हिशेब इतक्या सरळपणे मांडलेला मी दुसऱ्या यंत्रात पाहिला नाही.

2004 मध्ये ‘अमिडा’ नावानं ते बाजारात आलं. सर्वांत स्वस्त नग 9,950 रुपयांना, रंगीत पडद्याचा त्याच्या जवळपास दुप्पट. गावानं तो घ्यायचा कशातून? पन्नास हजारांची उमेद होती, 2005 पर्यंत खपले चारेक हजार. तरी कागलच्या पुढची हद्द ओलांडली की जे कर्नाटक लागतं, तिथल्या ‘भूमी’ या जमीन-नोंदणी योजनेत हे यंत्र वापरलं गेलं.

इकडे आपल्या वारणानगरनं 1998 मध्ये गावोगावी संगणक केंद्रं मांडली होती. पुढे 2006 च्या सुमारास सात गावांत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी संगणकाचं काम मोबाईलच्या एसएमएसवर चालवून दाखवलं. ऊस उत्पादकाला हवी असलेली माहिती तेवढ्यात भागत होती. टेबल तिथंच हललं, म्हणा.

2008 मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला. त्याचा गाभाही लिनक्सच! म्हणजे बंगळूरचं यंत्र हरलं, पण त्याची निवड चुकली नव्हती. 15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतः रानात उभं राहून फोटो काढायचा, पीक नोंदवायचं. तलाठ्याची पाहणी खातेदाराच्या हाती आली.

पण चांगला फोन सगळ्यांकडे कुठं? म्हणून सुरुवातीलाच सोय ठेवली गेली, की एका मोबाईलवरून 20 खातेदारांची नोंद करता येईल. स्मार्ट कार्ड तेवढं राहून गेलं. शेजाऱ्याचा फोन, आपला गट नंबर.