खरकटा भात आणि फ्रीजचा वरचा कप्पा

आमच्या घरी फ्रीज आला तेव्हा त्यात काय ठेवायचं यापेक्षा काय ठेवायचं नाही, हे आधी ठरलं. ठरवलं आजीने. वरच्या कप्प्यात दूध, दही, लोणी. खाली भाज्या. दारात पाण्याच्या बाटल्या. आणि भात? भात बाहेर.

कारण भात खरकटा. हा शब्द आता नुसता उष्ट्या ताटासाठी उरलाय, म्हणून सांगतो. आजीच्या हिशेबात पाण्यात शिजवलेला भात, कोणी त्याला तोंड लावलेलं नसलं तरी, खरकटाच. भाताचा हात दुधाच्या पातेल्याला लागला की दूध बाटलं. ते देवाला चालायचं नाही. मग एकाच पेटीत, एकाच हवेत, दूध आणि भात शेजारी कसे बसणार? त्यामुळे घरात चांगला १६५ लिटरचा फ्रीज घुमत असताना रात्रीचा उरलेला भात ओट्यावर असायचा. पातेल्यावर ताटली पालथी घातलेली. उन्हाळ्यात मुंग्या येऊ नयेत म्हणून पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवलेलं.

सकाळी त्याचा फोडणीचा भात. कांदा, शेंगदाणे, हिरवी मिरची, हळद, वरून लिंबू. ताज्या भाताला ती चव नाही येत. रात्रभरात शित कोरडं आणि मोकळं होतं, म्हणून. आमचं खाऊन उरायचा तो भात आई डब्यात भरून मावशींना द्यायची. मावशी म्हणजे आमच्याकडे भांडी घासायला यायच्या त्या. त्यांची पुढे आणखी तीन घरं असत. डबा उघडायला दुपारचा एक वाजत असणार.

एका मे महिन्यात त्या दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा डोळे खोल गेलेले. उलट्या झाल्या म्हणाल्या. आजी म्हणाली, उन्हाचं असेल. मावशीही म्हणाल्या, हो, उन्हाचंच. विषय संपला. मी तेव्हा सहावीत होतो.

तो विषय पुन्हा उघडला पुण्यात, नोकरीच्या पहिल्या वर्षी. रात्री कुकरमध्ये मटार पुलाव केला, अर्धा खाल्ला, झाकण लावलं आणि झोपलो. सकाळी उरलेला कढईत चांगला वाफ येईपर्यंत परतला आणि खाल्ला. अकरा वाजता ऑफिसच्या बाथरूममध्ये होतो, दीड वाजेपर्यंत तिथेच. संध्याकाळपर्यंत बरं वाटलं. पण डोक्यात एकच प्रश्न: इतकं गरम केलं होतं, मग जंतू मेले कसे नाहीत?

उत्तर शोधताना मी १९७४ सालच्या एका ब्रिटिश शोधनिबंधापाशी पोचलो. गिल्बर्ट, स्ट्रिंगर आणि पीस या तिघांचा. उकडलेल्या आणि परतलेल्या भातात एक जिवाणू कसा जगतो आणि वाढतो, एवढाच त्याचा विषय. भातावर इतकं गंभीर लिखाण मी तोवर वाचलं नव्हतं.

त्या जिवाणूचं नाव बॅसिलस सीरियस. १८८७ साली पर्सी आणि ग्रेस फ्रँकलंड या नवरा-बायकोने गोठ्याच्या हवेतून तो वेगळा काढला. काचेच्या बशीत वाढवला की मेणासारखा दिसतो, म्हणून हे लॅटिन नाव. हा मातीत असतो, धुळीत असतो, त्यामुळे तांदळातही असतो. याची खरी हुशारी म्हणजे बीजाणू. दिवस वाईट आले की तो स्वतःभोवती एक जाड कवच बांधून पडून राहतो. भात उकळताना बाकीचे जंतू मरतात, ही कवचं टिकतात. भात कोमट झाला की उघडतात. आणि आता मैदान मोकळं, स्पर्धक सगळे शिजून गेलेले.

तरीही साठेक वर्षं त्याला कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९४७ ते १९४९ दरम्यान ऑस्लोमध्ये व्हॅनिला सॉस खाऊन शेकडो लोकांची पोटं बिघडली. स्टाइनर हाउगे या संशोधकाला या जिवाणूचा संशय होता. त्याने काय करावं? तो जिवाणू सॉसमध्ये वाढवला आणि साधारण २०० मिलिलिटर स्वतःच प्यायला. तेरा तासांनी त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या. असं विज्ञान आज कुठलीही समिती मंजूर करणार नाही.

भाताचा नंबर लागला १९७१ मध्ये. लंडनमधल्या चिनी रेस्टॉरंटांत फ्राइड राइस खाल्लेल्या लोकांना काही तासांतच उलट्या होऊ लागल्या. चौकशीत स्वयंपाकघराची पद्धत पुढे आली. भात एकदाच मोठ्या घाण्यात उकडायचा, रात्रभर बाहेर निथळत ठेवायचा, मागणी येईल तसा अंड्याबरोबर परतायचा. फ्रीज होते. पण आचारी भात फ्रीजमध्ये ठेवायला नाखूश, कारण गार भाताची ढेकळं होतात आणि मग तो अंड्यात नीट परतता येत नाही. हे वाचलं आणि मला आमचा ओटा दिसला. कारण वेगळं, पातेलं तेच.

मग गरम करून काय बिघडत होतं? हा जिवाणू भातात वाढताना एक विष सोडतो. जपानी संशोधकांनी १९९४ मध्ये ते वेगळं करून त्याला सेरेउलाइड असं नाव दिलं. ते १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी शाबूत राहतं. आपला प्रेशर कुकर साधारण याच तापमानाला शिट्टी देतो. म्हणजे सकाळची कढई जिवाणूला मारते, त्याने रात्री करून ठेवलेल्या कामाला नाही. लिंबू पिळूनही उपयोग नाही, उशीर झालेला असतो. बहुतेकांचं दुखणं माझ्यासारखं दिवसाच्या आत आवरतं. पण क्वचित यकृतच निकामी होतं. २००८ साली बेल्जियममध्ये एक विशीतला विद्यार्थी पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी खाऊन गेला. लोकांनी या आजाराला फ्राइड राइसचं नाव चिकटवलं खरं, पण भात, शेवया, पास्ता, याला सगळं सारखंच.

त्या शोधनिबंधाचा सल्ला दोन ओळींचा आहे. भात थोडा थोडा उकडा. मग एक तर ६३ अंशांच्या वर गरम ठेवा, नाहीतर भरकन गार करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये घाला. १५ ते ५० अंशांच्या मधल्या पट्ट्यात त्याला रेंगाळू देऊ नका. मे महिन्यातलं आमचं स्वयंपाकघर रात्रभर बरोबर त्या पट्ट्याच्या मधोमध असायचं. माझा झाकण लावलेला कुकर तर त्याहून वाईट: जाड भांडं, घट्ट भात, पहाटेपर्यंत कोमट.

आपल्या लोकांना हे अजिबातच ठाऊक नव्हतं, असं नाही. बर्फ नसलेल्या मुलखात भात टिकवायची जुनी युक्ती आंबटपणाची आहे. ओडिशात पखाळ, बंगालमध्ये पांता: भात पाण्यात बुडवून आंबवायचा. आंबटपणा वाढला की या जिवाणूची वाढ खुंटते. प्रवासाला दहीभात बांधून न्यायची पद्धतही त्याच जातीची. हे हमीपत्र नव्हे, पण ओट्यावरच्या नुसत्या भातापेक्षा नक्कीच शहाणपणाचं. आमच्याकडे ती युक्ती नव्हती. आमच्याकडे नियम होते, आणि नियम भाताच्या जागेबद्दल होते, वेळेबद्दल नव्हते.

आणि शिळं कोणी खायचं याबद्दलही होते. गीतेचा सतरावा अध्याय प्रहर उलटलेलं, शिळं आणि उष्टं अन्न तामसी लोकांना आवडणारं म्हणून बाजूला काढतो. ठीक. पण ते अन्न टाकलं जायचं नाही, कोणीतरी खायचंच. घरात ते शेवटी जेवणाऱ्या बायकांच्या पानात जायचं. घराबाहेर ते कोणाच्या पदरात पडायचं, हे महाराष्ट्राला सांगायला नको. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. चवदार तळ्याचं पाणी आपल्याला आठवतं, पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळ्या उष्ट्या तुकड्यांवर जगणं सोडायला सांगितलं होतं. मुद्दा माणुसकीचा होता. पण मी तो भाताच्या पातेल्यासमोर उभा राहून वाचला तेव्हा मला त्यात सतरा तास दिसले. रात्री आठला शिजलेला भात, दुपारी एकला उघडलेला डबा. आमच्या पानात तो सकाळी आठला यायचा. धोका आम्हालाही होता, पण जास्तीचे पाच तास आम्ही मावशींच्या डब्यात भरत होतो, वर दिल्याचं समाधानही घेत होतो.

गारव्याचा इतिहासही वरून खाली झिरपत आला आहे. १८३३ मध्ये बोस्टनच्या तळ्यांवर कापलेला बर्फ जहाजाने कलकत्त्याला आला. निघाला १८० टन, पोचला १०० च्या आसपास. पुढच्या वर्षी तो मुंबईत आला, आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, मग पाहुण्यांना सर्दी झाली, अशी गोष्ट सांगितली जाते. गोदरेजने फ्रीज बनवायला सुरुवात केली १९५८ साली. आमच्याकडे यायला आणखी तीस-बत्तीस वर्षं लागली. भाताला आत प्रवेश मिळाला तो आजी गेल्यावर, २००४ मध्ये, तोही खालच्या कप्प्यात, भाज्यांच्या शेजारी.

मी आता काय करतो ते सांगतो, कारण हे वाचणारे बरेच जण खोली करून राहत असणार. भात उरणार असं दिसलं की जेवायला बसायच्या आधीच जास्तीचा परातीत पातळ पसरतो, पंख्याखाली. वीस-पंचवीस मिनिटांत वाफ जाते. भरलेलं गरम पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलत नाही; मधला गोळा तासन्‌तास गरम राहतो आणि शेजारचं दूध तापतं, म्हणजे आजीचं म्हणणं वेगळ्या अर्थाने खरं होतं. किती वेळात आत टाकायचा? अमेरिकन सरकार दोन तास म्हणतं, पण बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच. ब्रिटिश सरसकट एक तास म्हणतात. आपल्याकडे एकच धरा. फ्रीजमध्ये ठेवायचा तर ब्रिटिश सल्ला चोवीस तासांचा आणि एकदाच गरम करायचा. अमेरिकन तीन-चार दिवस देतात. या एका बाबतीत मी ब्रिटिशांचं ऐकतो.

चोवीस तासांत खाल्ला जाणार नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये. इथे एक गंमत आहे. भाताचा स्टार्च सर्वांत लवकर कडक होतो तो फ्रीजच्या चार-पाच अंशांना. उणे १८ ला ते जवळजवळ थांबतं. म्हणून फ्रीजमधला भात खडखडीत आणि फ्रीझरमधला गरम केल्यावर ताज्यासारखा. जपानमध्ये घरोघरी एका वेळेचा भात कोमट असतानाच चपटा गुंडाळून गोठवतात, म्हणजे वाफेचं पाणी आतच राहतं. चपटा हे महत्त्वाचं: जाड गोळा आतून गोठायला रात्र घेतो. पुडीवर तारीख. महिनाभरात संपवायची, नाहीतर चव जाते. बाहेर काढून वितळवत ठेवायचं नाही, गोठलेलाच थेट चमचाभर पाणी शिंपडून, झाकून, वाफाळेपर्यंत गरम. गोठवल्याने बीजाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. बाहेर आलं की घड्याळ पुन्हा सुरू.

पुलाव आणि जिरा राइस छान गोठतात. खिचडी गोठते, पण नंतर उकळतं पाणी घालून सारखी करावी लागते. बिर्याणीतला बटाटा आधी काढून खाऊन टाका, त्याचा स्पंज होतो. उकडलेल्या अंड्याचं रबर होतं. दहीभात गोठवू नका, दही फुटतं. आणि भात रात्रभर बाहेर राहिलाच, तर वास बघू नका, चव बघू नका. विषाला वास नसतो. तो टाका. कोणाला देऊ नका.

गेल्या महिन्यात आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती. फ्रीझरमध्ये भात म्हटल्यावर हसलीही. मग मी मावशींच्या त्या दोन दिवसांचं विचारलं, आठवतात का. पलीकडे बराच वेळ मिक्सर चालू असल्याचा आवाज आला. तो बंद झाल्यावर ती म्हणाली, "तिचा डबा मीच भरायचे."