घर, गहाण आणि सरकार : राळेगावाकडून पाहता

आमच्या वऱ्हाडात शेत गहाण पडे, बैलजोडी गहाण पडे, प्रसंगी घरच्या लक्ष्मीच्या अंगावरचे चार डागिनेही सावकाराच्या तिजोरीत जात. परंतु खेड्यातील राहते घर तारण म्हणून कोणी आनंदाने स्वीकारी, असे नव्हते. मातीच्या भिंती, वर कवेलू, माजघरात सागाचे दोन खांब. सावकाराने भुलावे असे त्यात काय होते? त्याची दृष्टी काळ्या जमिनीवर. आपण आपल्या वडिलार्जित घराचे गोडवे कितीही गावोत, त्या घरामागे कागद नव्हता, ही खरी गोष्ट आहे. सरकारने गृहबांधणीसाठी वेळोवेळी ज्या कर्जयोजना काढल्या, त्या राळेगावसारख्या तालुक्याच्या दारावरून पुढे का गेल्या, याचे उत्तर बऱ्याच अंशी ह्या एका उणिवेत सापडते.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाणाचे प्रकार ठरवून दिले. साधे गहाण, ताबेगहाण, शर्तीच्या विक्रीचे गहाण हे आपल्या वाडवडिलांच्या चांगलेच परिचयाचे होते. शेवटच्या प्रकाराने तर कित्येकांची शेते गेली. ह्याच कायद्यात मालकीचे दस्तऐवज नुसते ठेवून कर्ज घेण्याची सोपी रीत आहे; मात्र ती मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सरकार अधिसूचनेने जोडील त्या शहरांपुरती. आजची बँकांची गृहकर्जे पुष्कळशी ह्याच रीतीने दिली जातात. आता गावठाणातील घरमालक कोणता दस्तऐवज ठेवणार? त्याच्याजवळ असतो ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. प्रस्तुत लेखकाच्या घरीही घरपट्टीच्या पावत्यांखेरीज दुसरे काही निघाले नाही! सरकारी तगाई पाहावी, तर १८८३ च्या कायद्याने ती विहिरीस व बांधबंदिस्तीस मिळे, १८८४ च्या कायद्याने बी-बियाण्यास व बैलांस. पुढे आलेल्या भूतारण बँकांचे नावच सांगते की तारण भूमीचे, घराचे नव्हे.

शहरात मात्र निराळा मार्ग निघाला, आणि तो एका ज्ञातीने काढला हे येथे अवश्य सांगितले पाहिजे. १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर तालमकी हे तिचे प्रवर्तक. एकट्याची पत पुरत नाही, तेथे बिऱ्हाडांनी मिळून पत उभी करावी, ही ती कल्पना. अर्थात सभासद पगारदार होते. दरमहा हप्ता भरणे त्यांना शक्य होते.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९५४ साली अल्प उत्पन्न गटाची गृहयोजना काढली. तेव्हा आपला जिल्हा मध्यप्रदेशात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला. वार्षिक उत्पन्न ६,००० रुपयांपर्यंत असणाऱ्यास घराच्या खर्चाच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८,००० रुपये कर्ज, अशी प्रारंभीची मर्यादा होती. १९५९ साली मध्यम उत्पन्न गटासाठी तशीच योजना आली. तेथे मर्यादा २०,००० ची. मधल्या काळात, १९५७ साली, ग्रामीण गृहयोजनाही निघाली. पण ती निवडक गावांपुरती. विदर्भ गृहनिर्माण मंडळ १९७७ साली म्हाडात विलीन झाले. तेव्हाच्या कर्जास स्वतःचा भूखंड व स्वतःचा पाचवा हिस्सा लागे. ह्या दोन अटी शहरातील शिक्षक वा कारकून कशाबशा पुऱ्या करी. कापूसवाल्यास त्या जड होत्या.

अमेरिकेचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथे १९३४ साली सरकारने गृहकर्जांचा विमा उतरविण्यास आरंभ केला. १९४४ साली युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या कर्जास हमी दिली. कर्ज बँकेचे, जोखीम सरकारची. तथापि शेतकऱ्यांसाठी १९४९ च्या कायद्याने सरकारला स्वतःच कर्ज देण्याची तरतूद करावी लागली, कारण केवळ हमीने बँक खेड्यात जात नाही, हे तेथेही दिसून आले. आपल्याकडे राष्ट्रीय गृहनिर्माण बँक १९८८ साली स्थापन झाली आणि अल्प उत्पन्न गटाच्या गृहकर्जांसाठी हमी निधी २०१२ साली.

खेड्याच्या वाट्यास कर्जाऐवजी अनुदान आले. १९८५-८६ पासून इंदिरा आवास, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग. गरिबास कर्जाच्या फासात न घालणे हे योग्यच. परंतु आकडे शेजारी मांडले म्हणजे मन अस्वस्थ होते. ग्रामीण घरकुलास सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, शिवाय शौचालयाचे १२ हजार व रोजगार हमीतून सुमारे ९० दिवसांची मजुरी. उलट शहरी भागात २०१५ पासून कर्जाच्या व्याजावर जी सूट होती, ती अल्प उत्पन्न गटास २ लाख ६७ हजारांपर्यंत मिळे. आणि वार्षिक १८ लाख मिळविणाऱ्यासही २ लाख ३० हजारांपर्यंत. ज्याला बँक दारात उभी करते, त्याला सरकारने अधिक दिले! ग्रामीण कर्जावरील सूट २०१७ साली आली, ती २ लाखांच्या कर्जावर ३ टक्के.

राळेगाव आता नगरपंचायत आहे. त्यामुळे हे अंतर आपल्या तालुक्यातच उभे राहिले. गावात, स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख. शिवेपलीकडच्या खेड्यात मूळ अनुदान मात्र १ लाख २० हजार. विटा दोघांना एकाच भावाने. सप्टेंबर २०२४ पासूनच्या नव्या शहरी योजनेतही व्याजाची सूट आहे : २५ लाखांपर्यंतच्या कर्जात पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत.

कागदाची उणीव मात्र भरून निघू लागली आहे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन घरमालकास मिळकत पत्रिका दिली जाते, आणि तिच्या आधारे कर्ज मिळावे हा योजनेचा एक जाहीर उद्देश आहे. उरतो तो हप्ता. बँकेस तो दरमहा हवा असतो. कापसाचे पैसे दिवाळीनंतर, वेचणी होईल तसे येतात, आणि मृगापर्यंत पुरवावे लागतात. पीककर्जाची फेड हंगामावर ठरविता येते. घराच्या कर्जाचीही तशी ठरवावी, अशी मागणी आपल्या तालुक्याने एकमुखाने का करू नये?