नवजात बाळाचे आतडे : शस्त्रक्रियेचा इतिहास आणि एक अपुरी यादी

१/ ६ फेब्रुवारी २०१३. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ पालघर येथे झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. तलासरी तालुक्यातील, गुजरात सीमेवरचे वेवजी आज याच जिल्ह्यात आहे.

२/ मुलांमधील ३० विकार वेळीच ओळखणे हा कार्यक्रमाचा हेतू. मूळ यादीत ९ जन्मजात दोष होते : दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल, हृदयदोष इत्यादी. आतड्याचा दोष त्यांत नव्हता. या उणिवेचे मोल कळण्यासाठी तीन शतके मागे जावे लागेल.

३/ काही बाळांना जन्मतः गुदद्वारच नसते. अशा एका मृत अर्भकाचे शवविच्छेदन करून फ्रेंच वैद्य लित्र यांनी १७१० मध्ये सुचवले, की आतडे पोटावर उघडून मलाला वाट द्यावी. ही कल्पना ८३ वर्षे कागदावरच राहिली. १७९३ मध्ये ब्रेस्ट येथे द्युरे यांनी तीन दिवसांच्या बाळावर ती अमलात आणली. ते बाळ पुढे पंचेचाळीस वर्षे जगले.

४/ १८८६ मध्ये डेन्मार्कचे हिर्शस्प्रुंग यांनी मोठे आतडे प्रचंड फुगून दगावलेल्या दोन बालकांची नोंद मांडली. दोष फुगलेल्या भागात असावा, असा समज दीर्घकाळ टिकला. प्रत्यक्षात तो खालच्या, साध्या दिसणाऱ्या भागात होता. तेथे मज्जापेशीच नव्हत्या. १९४८ मध्ये बोस्टनच्या स्वेन्सन यांनी तो भाग काढून निरोगी आतडे खाली जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली.

५/ कधी आतडे मध्येच तुटलेले असते. केप टाउनचे लाऊ आणि बर्नार्ड यांनी १९५५ मध्ये कुत्रीच्या गर्भातील पिलांवर प्रयोग करून दाखवले, की गर्भातच रक्तपुरवठा खंडित झाल्याने हे घडते. म्हणून टोकाचा दुर्बळ भागही कापून मगच जोड द्यावा, हे उमगले आणि मृत्यू घटले. १९६७ मध्ये मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण करणारे बर्नार्ड ते हेच.

६/ ज्ञान आले. आता प्रश्न पोहोचण्याचा. मुंबईत परळ येथे १९२९ पासून बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आहे. वेवजीहून ते सव्वाशे किलोमीटरहून अधिक दूर आहे.

७/ २००६ ते २००८ दरम्यान ब्रिटन व आयर्लंडमधील बालशल्यचिकित्सेच्या सर्व २८ केंद्रांनी, बेंबीजवळील छिद्रातून आतडे बाहेर आलेल्या बाळांची एकत्रित नोंद ठेवली. एका रुग्णालयाला न दिसणारे चित्र राष्ट्रीय नोंदीत दिसते, हे यामागचे तत्त्व.

८/ २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ने ७४ देशांतील २६४ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषय : पचनसंस्थेचे ७ जन्मजात दोष. मृत्यूचे प्रमाण श्रीमंत देशांत ५.६ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४ टक्के, गरीब देशांत ३९.८ टक्के. भारत मधल्या गटात मोडतो. रुग्णालयात येतानाच जंतुसंसर्ग झालेल्या बाळांचा धोका अधिक होता. उशिराची किंमत ती हीच.

९/ हिरवी उलटी, फुगलेले पोट, पहिल्या २४ तासांत न झालेला काळपट मल : ही लक्षणे ओळखायला यंत्र लागत नाही, पाहणारा डोळा लागतो, आणि काय पाहायचे, हे डोळ्याला यादी शिकवते. लित्र यांची कल्पना ८३ वर्षे शल्यविशारदाची वाट पाहत होती. आज शल्यविशारद आहेत. वाट पाहते ते सीमेवरच्या घरातले बाळ.