माग्वे, अगेव्ह आणि घायपात : एका वनस्पतीचे नामांतर

हेर्नान कोर्तेसने ऑक्टोबर १५२० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सला पाठविलेल्या पत्रात मेक्सिकोच्या राजधानीतील बाजाराचे वर्णन आहे. तेथे विकावयास आलेल्या मधाबरोबर त्याने एका वनस्पतीच्या गोड रसाचाही उल्लेख केला असून, बेटांवर त्या वनस्पतीस ‘माग्वे’ म्हणतात, असे तो सांगतो. हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतील होय. ज्यांच्या बाजारात तो उभा होता ते नाहुआत्लभाषक तिला ‘मेत्ल’ म्हणत. जेत्यांनी एका जित समाजाचा शब्द दुसऱ्यावर लादला आणि तोच रूढ झाला. नामांतराची ही पहिली पायरी होय.

मेत्ल मात्र अगदीच लुप्त झाला नाही. भाजलेल्या माग्वेस ‘मेश्कल्ली’ म्हणत. आजच्या ‘मेस्काल’ मद्याच्या नावात तो शब्द दडलेला आहे. या वनस्पतीच्या तंतूंची वस्त्रे सामान्य जन वापरीत, पानाच्या टोकाचा काटा सुई म्हणून चाले, आणि त्याच काट्याने अंग टोचून पुरोहित देवतेस रक्त अर्पण करीत. होसे दे आकोस्ता या जेझुइटाने १५९० मध्ये तिला आश्चर्यांचे झाड म्हटले, ते या बहुविध उपयोगांमुळेच.

युरोपात पोचली ती केवळ वनस्पती. हे ज्ञान मागेच राहिले. क्लूसियसने १५७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्पेनमधील दुर्मीळ वनस्पतींवरील ग्रंथात तिची नोंद केली. जाड, मांसल पानांमुळे तिला कोरफडीच्या कुळात ढकलून ‘अमेरिकन अ‍ॅलो’ म्हणण्यात आले. लिनियसने १७५३ मध्ये ‘अगेव्ह अमेरिकाना’ हे नाव प्रतिष्ठित केले. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ ‘भव्य’, ‘कीर्तिमान’ असा आहे. नाव सुंदर खरे, परंतु ते पाहणाऱ्याचे आहे, राबणाऱ्याचे नव्हे.

उत्तरेकडील धनिक हिला लाकडी कुंड्यांत लावून हिवाळ्यात घराच्या आत घेत. त्यामुळे वाढ खुंटे, फुलोरा क्वचितच दिसे, आणि ‘शतवर्षी वनस्पती’ ही आख्यायिका पसरली. वस्तुतः अनुकूल हवेत ती सामान्यतः १० ते ३० वर्षांत फुलते, पंचवीस-तीस फुटांपर्यंत दांडा उभारते आणि मरते. मुळाशी फुटलेली पिले तेवढी उरतात. युरोपीय उद्यानपाल ज्या क्षणाची पिढ्यान्पिढ्या वाट पाहात, तो क्षण मेक्सिकन शेतकरी येऊच देत नसे. दांडा निघण्याच्या बेतात असतानाच तो गाभा कापी. फुलोऱ्यासाठी साठलेला रस त्या पोकळीत झिरपे, दररोज खरवडून काढला जाई व आंबवून त्याचे ‘पुल्के’ होई. (पुल्केसाठी प्रामुख्याने अगेव्ह सॅल्मियाना ही सजातीय जात लावतात, रीत तीच.) शोभेसाठी जे फूल हवे होते, उपजीविकेसाठी ते टाळणे भाग होते. एकाच वनस्पतीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी होत.

भारतात ही वनस्पती बागेत शोभेसाठी आली, तशीच कुंपणासाठी बांधावर व लोहमार्गाच्या कडेला. पाणी न मागणारी, गुरांनी न खाल्लेली, म्हणून माळरानावर ती सहज टिकली. मराठीने तिला दिलेले नाव ‘घायपात’. ‘पात’ म्हणजे लांब पान. कांद्याची पात सर्वांच्या परिचयाची आहे. ‘घाय’ म्हणजे जखम. आता हा समास कसा सोडवावयाचा? घायावर बांधावयाची पात की घाय करणारी पात? व्याकरण दोन्ही अर्थांना वाट देते. परंतु कडेचे दात, टोकाचा काटा आणि कातडीवर पुरळ उठविणारा रस लक्षात घेता दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो. उद्यानशास्त्राची मराठी पुस्तके पुष्कळदा ‘अगेव्ह’ लिहून मोकळी होतात. कुंपण छाटताना ज्याचा हात फाटला, तो मात्र तिला घायपातच म्हणतो.