जपानची जुनी स्पोर्ट्स कार ब्रिटनच्या रस्त्यावर कशी आणायची? कागदपत्रांपासून क्लबपर्यंत

रील्समध्ये दिसणाऱ्या नव्वदच्या दशकातल्या जपानी स्पोर्ट्स कार भारतात आणता येतात का, असं बरेच जण मला विचारतात. सरळ उत्तर द्यायचं तर अवघड आहे. भारतात आयात होणारी वापरलेली कार साधारणपणे ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. ब्रिटनमध्ये मात्र हे जमतं. तिथेही जपानसारखं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतात, त्यामुळे स्टिअरिंग आणि हेडलाइट बदलावे लागत नाहीत.

मी नोकरीसाठी ब्रिटनमध्ये राहतो. माझ्याकडे १९९१ची युनोस रोडस्टर आहे. युनोस रोडस्टर म्हणजे जपानमध्ये वेगळ्या नावाने विकली गेलेली माझदा एमएक्स-५. म्हणून तिचंच उदाहरण घेऊन सगळे टप्पे पाहूया.

१) ऑक्शन शीट वाचा

जपानमधल्या लिलावात प्रत्येक गाडीचा एक तपासणी कागद असतो. त्यावर गाडीचं चित्र आणि खुणा असतात. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त केलेला पत्रा, एस म्हणजे गंज आणि सी म्हणजे खोल गेलेला गंज. ग्रेडच्या जागी आर किंवा आरए असेल तर अपघातानंतर दुरुस्ती झालेली आहे. हाताने लिहिलेला जपानी शेरा फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतरित करता येतो, पण खराब अक्षर अ‍ॅप चुकीचं वाचतं. त्यामुळे महत्त्वाचा शेरा जपानी जाणणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

एक ट्रिक लक्षात ठेवा. जपानी कागदांवर वर्ष हेईसेई पद्धतीने लिहिलेलं असतं. त्यात १९८८ मिळवा. हेईसेई ३ म्हणजे १९९१.

२) कागदपत्रं

गाडी ब्रिटनमध्ये पोहोचल्यावर १४ दिवसांच्या आत कर खात्याला कळवावं लागतं. या नोंदीला नोव्हा म्हणतात. ती झाल्याशिवाय नंबर मिळत नाही. गाडी १० वर्षांपेक्षा जुनी असेल तर आयव्हीए ही मोठी आणि महागडी तपासणी लागत नाही. जुनी गाडी आणणं सोपं पडतं ते यामुळेच.

३) गाडीत करायचे बदल

- मागचा फॉग लॅम्प: जपानी गाड्यांना तो बऱ्याचदा नसतो. ब्रिटनमध्ये तो मधे किंवा उजवीकडे हवा.
- स्पीडोमीटर: वेग मैलांत दिसायला हवा. डायल बदलतात किंवा कन्व्हर्टर बसवतात.
- रेडिओ: हा कायद्याचा भाग नाही, पण जपानी एफएम ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि जुने सेट ९० पर्यंतच जातात. ब्रिटनची स्टेशन्स ८८ ते १०८ मध्ये आहेत, त्यामुळे बहुतेक लागतच नाहीत.

स्वस्तातला ओबीडी स्कॅनर आणि फोनचं अ‍ॅप या गाडीवर चालत नाही. १९९१मध्ये ती पद्धत आलीच नव्हती. बॉनेटखाली 'डायग्नोसिस' लिहिलेली छोटी डबी असते. तिच्यातल्या ठरावीक टोकांना तार जोडली की दिवा लुकलुकतो आणि आपण लुकलुक मोजून एरर कोड ओळखायचा. इंजिनिअरला मजा येते!

४) एमओटी आणि नोंदणी

एमओटी ही सुरक्षेची वार्षिक तपासणी आहे. नंबर नसेल तर ती चासी नंबरवर होते. आधी अपॉइंटमेंट आणि इन्शुरन्स घ्या, मग गाडी चालवत तपासणीला नेता येते. पास झाल्यावर व्ही५५/५ हा फॉर्म, जपानचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट आणि ५५ पौंड नोंदणी शुल्क भरून पाठवायचं. रोड टॅक्सही तेव्हाच भरायचा.

५) पास म्हणजे सुरक्षित?

इथे नीट लक्ष द्या. एमओटी म्हणजे त्या दिवशी जे दिसलं ते ठीक होतं, एवढंच. टायरची खोली १.६ मिमी असेल तर तो पास होतो, मग तो १२ वर्षं जुना आणि कडक झालेला का असेना. टायरच्या बाजूला कोडचे शेवटचे ४ आकडे बघा. २३१४ म्हणजे २०१४चा २३वा आठवडा. टायमिंग बेल्ट तर तपासणीत उघडूनही बघत नाहीत.

माझ्या गाडीला खालून ताजा काळा थर मारलेला होता. दिसायला एकदम स्वच्छ. मी इथल्या रोडस्टरवाल्यांच्या मीटला गेलो तेव्हा एका जुन्याजाणत्या मेंबरने मागच्या चाकापुढचा, दाराखालचा पत्रा बोटाने ठोकला. आवाज बोदा आला. थर खरवडला तर आत पत्रा कुजलेला. या मॉडेलमध्ये कापडी टपावरचं पाणी सीटमागच्या नळ्यांतून खाली जातं. नळ्या तुंबल्या की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून गंजतो. सीटबेल्टची पकड तिथून फार लांब नाही, म्हणजे विषय दिसण्याचा नव्हता, जिवाचा होता. कुजलेला भाग कापून नवीन पत्रा वेल्ड केला आणि मगच मी गाडी हायवेवर काढली.

६) क्लबमध्ये कसं जायचं?

ब्रिटनमध्ये एमएक्स-५ ओनर्स क्लब आहे आणि त्याचे विभागवार गट भेटत असतात. गाडी घेण्याआधीच एखाद्या मीटला जा. भारी गाडी नसली तरी चालतं. प्रश्न विचारा, बॉनेट उघडलेलं असेल तिथे थांबा, कोणाला मदत हवी असेल तर टॉर्च धरा. चांगला वेल्डर कोण, कुठला पार्ट नकली निघतो, हे तिथेच कळतं. गाडीत केलेले बदल इन्शुरन्स कंपनीला सांगायला विसरू नका, नाहीतर क्लेम अडकू शकतो.

थोडक्यात क्रम असा: शीट, नोव्हा, बदल, इन्शुरन्स, एमओटी, नोंदणी. आणि पॉवर वाढवायचा विचार करण्याआधी पत्रा, ब्रेक, टायर आणि बेल्ट. पहिला पौंड तिथे खर्च करा.